भोग बननारनुं नाम

दिवाळीपुऱ्याच्या कोर्टात, तळमजल्यावर, पाण्याच्या कूलरमागे
मोफत सल्ल्याची खोली आहे.
तिथे मिळालेल्या कागदावर पहिलीच ओळ:
भोग बननारनुं नाम.

सगळा जन्म बडोद्यात गेला. गुजराती मला
भाजीवालीशी भांडण्याइतकी येते,
स्वप्नातही येते कधीमधी.
पण हा शब्द वाचला आणि मराठीच कानाशी आली.
आई म्हणायची, भोग असतात एकेकाचे,
भोगून संपवायचे.
त्यासाठी अर्ज असतो हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

लिहिलं: कुमुद यशवंत जगदाळे.
डाव्या हाताने. ज मोडला.
सवयीने वर शिरोरेषा मारली, गुजरातीला ती नसते.
बारोटभाई काही बोलले नाहीत.

तारीख, वेळ, ठिकाण.
सोमवार, रात्री पावणेनऊ, दांडिया बाजार,
फरसाणवाल्याच्या बंद शटरसमोर.
काय हिसकावलं?
मंगळसूत्र.
किंमत?
दोनशे चाळीस रुपये. मांडवीतून घेतलेलं, पॉलिशचं.
खरं होतं ते नणंदेच्या ऑपरेशनात गेलं, आठ वर्षं झाली.
बारोटभाईंनी चष्म्यावरून पाहिलं.
आटला माटे सामे थया, बेन?

सामोरी नाही हो गेले.
तीस वर्षं ब्लाउज शिवते.
कापड निसटायला लागलं की मूठ आपोआप मिटते.
मुठीला कुठे विचारायला वेळ होता
खरं की खोटं.
आणि त्या पोराच्या हातातलं पातं
माझ्या कात्रीपेक्षा लहान होतं, म्हणून दिसलं नाही.

एक रकाना असाही आहे:
घडलं त्यात अर्जदाराचा काही वाटा?
फाल्गुनी वकील आहे, नवी, माझ्या भाचीच्या वयाची.
तिने तिथे ‘ना’ लिहिलं
इतकं दाबून की मागच्या पानावर उमटलं.

सयाजीतल्या डॉक्टरांनी अंगठ्याला
शाळेतल्या कोनमापकासारखं काहीतरी लावलं.
वाकवा.
वाकवला.
आणखी.
आणखी नाही वाकत.
अठरा टक्के.
मी विचारलं, हुक लावायला किती लागतात?
काजं करायला?
ते हसले. माणूस वाईट नव्हता.
त्यांच्यामागे सतरा जण उभे होते,
एकाचा तर हात दिसतच नव्हता.

अठरा, बारोटभाई पुटपुटले.
आमचं कोष्टक त्याच्या पुढून सुरू होतं.
तरी ओळख तर पटवून घेऊ, अर्ज पडून राहू दे.
काचेवर अंगठा ठेवा. डावा पुरुषांचा. बायकांचा उजवा.

ठेवला. लाल दिवा.
पदराला पुसून ठेवला. लाल.
तिसऱ्यांदा त्यांनी स्वतः माझं बोट धरून दाबलं,
टाक्यांची रेघ काचेवर पांढरी पडली.
मॅच नथी थतुं.

म्हणजे डॉक्टरांच्या मते मी ब्याऐंशी टक्के मी आहे
आणि यंत्राच्या मते
अजिबात नाही.

फाल्गुनी म्हणाली, हे लिहा ना भाई, यंत्राचं म्हणणं.
एवुं खानुं नथी, बेन.
मग पंख्याचा आवाज.
मग त्यांनी कागद उलटा केला, मागे कोरा होता,
पेन्सिलने काहीतरी दोन ओळी लिहिल्या,
सहज खोडता येतील अशा.
मी वाचायचा प्रयत्न केला नाही.

माझी पोत अजून पोलीस ठाण्यात आहे,
सीलबंद पिशवीत, मुद्देमाल नंबर सात.
तिची ओळख पहिल्याच दिवशी पटली.

पुढची तारीख अठ्ठावीस.
तोवर रात्री अस्तराच्या कापडावर
खडूने ज काढते, डाव्या हाताने.
दांडा सरळ येतो आता.
पोट अजून बाहेर जातं.